पुडीचा माग: एन.डी.पी.एस. शिक्षेविरुद्धचे अपील पुराव्याच्या आधारे कसे उभे करावे

अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली की आरोपीचे नातेवाईक वकिलाकडे येतात ते बहुधा एकच वाक्य घेऊन: "साहेब, त्याला अडकवलंय." हे वाक्य खरे असू शकते, पण अपिलात त्याचा उपयोग फारसा होत नाही. उच्च न्यायालयासमोर ना साक्षीदार पुन्हा उभे राहतात, ना आरोपी. समोर असते ते खालच्या न्यायालयाचे दफ्तर, आणि त्या दफ्तरातून एकाच गोष्टीचा माग काढायचा असतो. आरोपीजवळ सापडली असे म्हटले जाते ती पुडी आणि रसायनतज्ज्ञाने तपासलेली पुडी एकच आहे, हे सरकार पक्षाने संशयातीत सिद्ध केले आहे का? पुराव्यावर आधारलेले बहुतेक यशस्वी अपील या ना त्या वाटेने याच प्रश्नाशी येऊन थांबते. हा लेख अपिलाचे काम नव्याने हाती घेणाऱ्या वकिलांसाठी आणि आपल्या माणसाच्या अपिलात नेमके काय चालले आहे हे समजून घेऊ पाहणाऱ्या कुटुंबीयांसाठी लिहिला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे सगळेजण ज्याला एन.डी.पी.एस. म्हणतात तो कायदा, व्यापारी प्रमाणातील, म्हणजे ठरलेल्या वरच्या मर्यादेहून अधिक वजनाच्या, मालासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड सांगतो. न्यायाधीशाला त्याखाली सहसा जाता येत नाही. त्यातच कलम ३५ आणि ५४ अन्वये आरोपीविरुद्ध गृहीतके धरली जातात. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य (२००८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे वैध ठरवली, परंतु ताबा आणि माल यांसारख्या पायाभूत बाबी आधी सरकार पक्षाने सिद्ध केल्याशिवाय ती गृहीतके लागूच होत नाहीत, असेही त्यात बजावले. कायदा जितका कडक तितकी कार्यपद्धती काटेकोर, हे सूत्र तेव्हापासून निकालांमध्ये पुन्हा पुन्हा येते.

मुदत, न्यायालय आणि कागद

विशेष न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध कलम ३६-ब अन्वये अपील उच्च न्यायालयात जाते आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११५ नुसार त्यासाठी ६० दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि आरोपी तुरुंगात असेल तर न्यायालये त्याकडे सहसा उदारपणे पाहतात, मात्र त्या भरवशावर राहू नये. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात शिक्षा दंडाधिकाऱ्याने दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात आणि ३० दिवसांत करावे लागते.

महाराष्ट्रात कोणत्या पीठाकडे जायचे हे जिल्ह्यावर ठरते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या जोडीला १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. गोव्यातील अपिले पर्वरी येथील पीठाकडे जातात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुरुंगातूनच, अधीक्षकामार्फत, अपील पाठवण्याची सोयही कायद्यात आहे.

एक सूचना कलमांच्या आकड्यांबद्दल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या खटल्यांच्या कागदांवर जुनी कलमे दिसतील. अपिलाचे जुने कलम ३७४ आता ४१५ आहे, शिक्षा निलंबनाचे ३८९ आता ४३० आणि जादा पुराव्याचे ३९१ आता ४३२. अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, दोन्ही आकडे लिहिले की कार्यालयीन हरकती कमी होतात.

निकालाची नक्कल हाती आली म्हणजे कागद मिळाले असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक. निकालात पुराव्याचे न्यायाधीशांनी केलेले वाचन असते; आपल्याला मूळ पुरावा हवा. फिर्याद, गुप्त माहितीची नोंद, स्टेशन डायरीचे उतारे, झडतीपूर्व नोटीस, पंचनामा, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, नमुने प्रयोगशाळेत नेणाऱ्या हवालदाराचे पत्र आणि तिथली पोच, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, दंडाधिकाऱ्यासमोरील कार्यवाहीचे कागद, सर्व साक्षीदारांच्या सरतपासण्या आणि उलटतपासण्या, आरोपीचा जबाब, रोजनामा: हे सगळे निशाणी क्रमांकासह, म्हणजे न्यायालयाने पुराव्याच्या कागदाला दिलेल्या क्रमांकासह, मागवावे. रोजनामा, म्हणजे न्यायालयातील कामकाजाची तारीखवार नोंद, कंटाळवाणा असतो, पण मुद्देमाल न्यायालयात कोणत्या तारखेला आणि कोणत्या अवस्थेत उघडला गेला, हे कधीकधी फक्त तिथेच सापडते.

पुडीचा तक्ता

आता खरे काम. एका मोठ्या कागदावर रकाने आखावेत: तारीख आणि वेळ, माल कोणाच्या ताब्यात, सीलचे वर्णन, वजन, आणि ही माहिती कोणत्या निशाणीवरून किंवा कोणाच्या साक्षीवरून घेतली. मग पुडी आरोपीच्या खिशातून निघाली तिथपासून ती न्यायाधीशांच्या टेबलावर आली तिथपर्यंत एकेक ओळ भरत जावे. ज्या ओळीचा रकाना रिकामा राहील तिथे अपिलाचा मुद्दा असण्याची शक्यता असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचनामा सांगतो की रात्री ९.१५ ते ११.३० या वेळात एका बसस्थानकाबाहेर आरोपीच्या पँटच्या खिशातून सहा झिपलॉक पुड्या मिळाल्या, "पुड्यांसह एकूण वजन ५४ ग्रॅम", पदार्थ मेफेड्रोन हे कृत्रिम अमली द्रव्य. त्यातून ५-५ ग्रॅमचे दोन नमुने काढून लाखेचे सील लावले. फिर्याद रात्री १.४० वाजता नोंदली गेली. मात्र रात्री ९ वाजता दिलेल्या नोटिशीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक त्याच हस्ताक्षरात, त्याच शाईत लिहिलेला आहे. जो क्रमांक अजून जन्मालाच आला नव्हता तो त्या कागदावर कसा? एकतर तो नंतर घातला, आणि मग तसे कोणीतरी सांगायला हवे होते, किंवा सगळे कागद पोलीस ठाण्यात बसून तयार झाले. पुढे मुद्देमाल रजिस्टरमध्ये सीलचे वर्णन नाही. नमुना ११ दिवसांनी प्रयोगशाळेत पोचला. मधल्या काळात तो कुठे होता, हे सांगायला मुद्देमाल कारकून साक्षीला आलाच नाही. अहवालात मिळालेल्या नमुन्याचे वजन ३.९ ग्रॅम.

यातील एकेक त्रुटी वेगवेगळी वाचली तर सरकारी वकील प्रत्येकीला उत्तर देईल: क्रमांक नंतर लिहिला, उशीर कामाच्या व्यापामुळे, वजनकाटे वेगळे. म्हणून त्या सुट्या मांडू नयेत. कारकून का आला नाही, सीलचा शिक्का कोणाकडे राहिला आणि वजन एक ग्रॅमहून अधिक का घटले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी गहाळ आहेत हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवावे. साखळी तुटली असे नुसते म्हणण्यापेक्षा कोणती कडी, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातात असताना तुटली हे सांगणारा युक्तिवाद वेगळाच वजनदार असतो.

वजनाचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहावा, कारण त्यावर अख्खी शिक्षा फिरते. मेफेड्रोनचे अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमहून अधिक. हेरॉइनचे ५ आणि २५० ग्रॅम. चरसाचे १०० ग्रॅम आणि १ किलो. गांजाचे १ किलो आणि २० किलो. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या निकालापासून शुद्ध अमली पदार्थाचे नव्हे तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते, त्यामुळे "शुद्ध अंश कमी होता" हा जुना बचाव आता मुद्दा म्हणून घेण्यात अर्थ नाही. मात्र प्लास्टिकची पिशवी हे काही मिश्रण नव्हे. वरच्या उदाहरणात सहा रिकाम्या पिशव्यांचे वजन वजा केले तर ५४ ग्रॅमचे काय उरते, हे कोणी मोजलेच नाही. निव्वळ वजन ५० च्या वर होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. तो मुद्दा टिकला तर दोषसिद्धी राहूनही किमान १० वर्षांची अट जाते आणि शिक्षा मधल्या प्रमाणाच्या तरतुदीत येते, म्हणजे कमाल १० वर्षे, किमान काही नाही.

गांजाबाबत व्याख्याच मदतीला येते. कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पोत्यात काड्या, पाने, बिया आणि शेंडे यांपैकी काय होते याचे वर्णन पंचनाम्यात नसेल, सगळे एकत्र तोलले असेल आणि आकडा २० किलोच्या जेमतेम वर असेल, तर हा मुद्दा अग्रभागी घ्यावा. ४० किलोच्या प्रकरणात तो घेऊन न्यायालयाचा वेळ घालवू नये.

तसाच प्रश्न अनेक पुड्यांतील माल एकत्र करून नमुना काढण्याचा. सहाही पुड्या आधी एकत्र ओतल्या तर प्रत्येक पुडीत अमली पदार्थ होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. एका पुडीतला पदार्थ उरलेल्या पाचांना दूषित करून मोकळा होतो.

कलम ५२-अ: बदललेले वारे

भारत सरकार विरुद्ध मोहनलाल (२०१६) या निकालाने कलम ५२-अ नुसार जप्तीनंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याच्यासमोर नमुने काढण्याची पद्धत ठामपणे सांगितली. सिमरनजीत सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०२३) यात जागेवरच नमुने काढल्याने आरोपी निर्दोष सुटला. २३ डिसेंबर २०२२ च्या जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट नियमांनीही दंडाधिकाऱ्यासमोरचीच पद्धत घालून दिली. काही काळ असे वाटत होते की जागेवर नमुना काढला, एवढे दाखवले की अपील जिंकले.

तसे राहिलेले नाही. भरत आंबळे विरुद्ध छत्तीसगड राज्य या जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कलम ५२-अ चे उल्लंघन एवढ्यानेच खटला कोसळत नाही. इतर पुराव्यातून जप्ती आणि मालाची ओळख विश्वासार्हपणे सिद्ध होत असेल तर दोषसिद्धी टिकू शकते. माझ्या मते या निकालाने अपिलाचे काम अवघड केले, पण अधिक प्रामाणिकही केले. कार्यपद्धतीतील चूक दाखवून थांबता येत नाही. त्या चुकीमुळे या पुडीबद्दल कोणता ठोस संशय निर्माण झाला हे सांगावे लागते. म्हणूनच आधी तक्ता, मग कलम.

झडतीचे तीन दरवाजे

झडती कुठे झाली यावर कोणते कलम लागते ते ठरते. घर, बंदिस्त जागा किंवा खासगी वाहन असेल तर कलम ४२: मिळालेली माहिती लिहून घ्यायची, ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठाला पाठवायची, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचे तर कारणे नोंदवायची. कर्नैल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२००९) यात घटनापीठाने म्हटले की उशिरा झालेली पूर्तता समाधानकारक खुलाशासह चालू शकते, संपूर्ण अनुपालनाचा अभाव चालत नाही. सार्वजनिक जागा असेल तर कलम ४३ लागते आणि या अटी गळून पडतात. म्हणूनच सरकार पक्ष प्रत्येक रस्त्याला सार्वजनिक जागा म्हणतो. बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०२१) या निकालात रस्त्यावर उभे असलेले खासगी वाहन हे सार्वजनिक वाहन नव्हे आणि त्याला कलम ४२ लागू होते, असे ठरले. मात्र राजपत्रित अधिकारी स्वतः छाप्यावर हजर असेल तर सरकारी वकील अशा अधिकाऱ्याला स्वतःचा झडतीचा अधिकार देणाऱ्या कलम ४१ कडे वळतो. ते उत्तर आधीच तयार ठेवावे.

अंगझडतीसाठी कलम ५०. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क आहे, हे आरोपीला सांगितलेच पाहिजे. विजयसिंह चंदुभा जाडेजा विरुद्ध गुजरात राज्य (२०११) या घटनापीठाच्या निर्णयानुसार याचे काटेकोर पालन आवश्यक आहे. नोटिशीची भाषा शब्दशः वाचावी. "तुम्हाला हरकत नसेल तर आम्ही झडती घेतो" अशी तिसरी वाट दाखवली असेल, किंवा दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली असेल, तर राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद (२०१४) हा निकाल कामी येतो. आरोपीला मराठी येत नसताना नोटीस मराठीत असेल तर ती त्याला कोणी, कोणत्या भाषेत समजावली हे साक्षीत शोधावे. गोव्यातील आणि मुंबईतील परदेशी आरोपींच्या खटल्यांत हा प्रश्न हमखास निघतो. पण माल बॅगेत सापडला असेल तर हे कलम विसरावे. बॅग म्हणजे शरीर नव्हे, हे हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवनकुमार (२००५) पासून ठरलेले आहे आणि रंजनकुमार चढ्ढा (२०२३) या निकालाने ते पुन्हा पक्के केले. तरीही बॅगेच्या प्रकरणात कलम ५० वर दहा-दहा पाने लिहिलेले अपील मेमो येतच राहतात.

पंच फितूर झाला, एवढ्यावरही फार विसंबू नये; पोलिसांची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. तोच पंच त्याच पथकाच्या इतर छाप्यांतही पंच होता असे उलटतपासणीत आले असेल, तर ती वेगळी गोष्ट. फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच, हा मुद्दाही मुकेश सिंग (२०२०) या घटनापीठाच्या निकालानंतर एकट्याने पुरत नाही.

कबुली, कॉल रेकॉर्ड आणि ताबा

निकालपत्रात कलम ६७ खालच्या, म्हणजे तपास अधिकाऱ्यासमोर दिलेल्या, जबाबाचा आधार घेतला असेल तर त्या परिच्छेदांखाली लाल रेघ मारावी. तुफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या २९ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने असा कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद ठरवला. तो वगळून काय उरते, हे दाखवणे हेच पुष्कळदा सहआरोपीचे संपूर्ण अपील असते, कारण त्याच्याकडून काहीच जप्त झालेले नसते आणि कटाचा आरोप दुसऱ्याच्या जबाबावर उभा असतो.

कॉल रेकॉर्ड आणि मोबाइलमधील संदेश यांना प्रमाणपत्र लागते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल (२०२०) हे मूळचे जालन्याच्या निवडणुकीचे प्रकरण, पण कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राची सक्ती त्यातूनच पक्की झाली. आता ही तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. कागदाला निशाणी पडताना बचाव पक्षाने हरकत घेतली होती का, हे आधी तपासावे. तेव्हा गप्प राहिलेल्याला अपिलात ती हरकत घेणे जड जाते.

ताब्याबाबत प्रश्न जाणिवेचा असतो. चार जणांच्या गाडीत डिकीमध्ये माल सापडला, तर मागच्या सीटवर बसलेल्याला त्याची माहिती होती हे कशावरून? तसेच आरोपीच्या जबाबात, म्हणजे जुन्या कलम ३१३ आणि नव्या ३५१ खाली, जी परिस्थिती त्याला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे पुण्यातील शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणापासून (१९८४) प्रस्थापित आहे. मात्र त्यामुळे आरोपीचे नेमके काय नुकसान झाले, हेही सांगावे लागते.

मेमो आणि शिक्षा निलंबन

अपील मेमोत २५ मुद्दे घालण्याची सवय सोडावी. सहा-सात पुरेत, आणि प्रत्येकात निशाणी क्रमांक आणि साक्षीतील परिच्छेद असावा. "न्यायालयाने पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही" हे वाक्य कोणत्याही अपिलात बसते, म्हणून ते कोणत्याच अपिलात कामाचे नाही. जादा पुरावा मागण्याचा मोह दोनदा तपासावा: न आलेले मुद्देमाल रजिस्टर मागवले आणि त्यात नोंद नीट निघाली, तर आपल्या तक्त्यातील रिकामा रकाना आपणच भरून दिल्यासारखे होते.

अपिलासोबतच शिक्षा निलंबनाचा, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून सुटका मागण्याचा, अर्ज द्यावा. कलम ३२-अ मधील निलंबनाची बंदी दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) या निकालाने न्यायालयांच्या अधिकारापुरती रद्द ठरली, तरी व्यापारी प्रमाणात कलम ३७ च्या दोन अटी आडव्या येतात: आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही याची खात्री. त्यामुळे या अर्जात सगळे मुद्दे न मांडता, नुसत्या वाचनाने डोळ्यांत भरेल असा एकच मांडावा. भोगलेली वर्षे आणि अपील लवकर सुनावणीला येण्याची शक्यता नसणे हे त्याच्या जोडीला लिहावे आणि तुरुंगातून कोठडीचा दाखला आधीच मागवून ठेवावा.

दंड न भरल्यास भोगायच्या जादा कैदेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. लाख-दोन लाख रुपये न भरू शकणाऱ्या माणसासाठी ती एक-दोन वर्षांची वाढीव शिक्षाच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने शहजादखान पठाण विरुद्ध गुजरात राज्य (२०१३) या प्रकरणात अशी ३ वर्षांची कैद ६ महिन्यांवर आणली होती. दोषसिद्धीविरुद्धचे सर्व मुद्दे फेटाळले गेले तरी ही मागणी मान्य होऊ शकते, म्हणून ती पर्यायी मागणी म्हणून प्रार्थनेत सुरुवातीपासूनच लिहावी. अपील फेटाळले गेल्यास सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस असतात, आणि त्या याचिकेला जोडायला तोच तक्ता पुन्हा लागतो. तो टंकलिखित करून सुनावणीच्या वेळी न्यायाधीशांना आणि सरकारी वकिलाला एकेक प्रत द्यावी, म्हणजे तो दफ्तरात राहतो.